दहा जवानांची उघडी गाडी

माननीय संरक्षणमंत्री महोदय,


२७ मार्च २०२५ रोजी आपल्या मंत्रालयाने सैन्यदलांसाठी सुमारे ५,००० हलक्या गाड्या घेण्याचे करार केले, एक पुण्याच्या फोर्स मोटर्सशी आणि दुसरा मुंबईच्या महिंद्राशी. बातमी वाचून आनंद झाला, पण तिच्यातला एक आकडा मनात अडकून बसला. या गाड्यांची वहनक्षमता ८०० किलोंची आहे. पायदळाच्या एका सेक्शनमध्ये दहा जवान असतात. बूट, हेल्मेट, बुलेटप्रूफ जॅकेट, रायफल, गोळ्या, पाणी, शिधा आणि पाठीवरचा पिठ्ठू धरला तर एक जवान शंभर किलोंच्या खाली क्वचितच येतो. दहा जणांचे हजार किलो झाले. मशीनगनचा जादा दारूगोळा, रॉकेट लाँचर आणि वायरलेसच्या बॅटऱ्या त्यात अजून धरलेल्याच नाहीत. थोडक्यात, सेक्शन या गाडीत मावत नाही. तिने मोठ्या ट्रकच्या मागे बसावे, नाहीतर पायी जावे.

हे पत्र त्या दहा जणांसाठी लिहितो आहे.

माझे वडील पायदळाच्या एका पलटणीत ड्रायव्हर होते. त्यांच्या हाती बरीच वर्षे जोंगा होती. जबलपूरच्या कारखान्यात बनणारी, निसानच्या परवान्यावरची, चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाची ती गाडी तेल पिण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. तिला छत म्हणजे ताडपत्री, बाजू उघड्या, आणि समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येई. लहानपणी मी एकदा वडिलांना विचारले, 'गोळी आली तर या गाडीत तुम्ही वाचणार कसे?' ते म्हणाले, 'गोळी येईपर्यंत गाडीत बसून राहायचं नसतं रे. आमचं काम पोरांना गोळीच्या अलीकडे उतरवायचं.' तेव्हा मला वाटले, त्यांनी प्रश्न टोलवला. पुढे लष्करी इतिहास वाचत गेलो तेव्हा कळले की पायदळाच्या गाडीचे सगळे शास्त्र त्या एका वाक्यात होते.

चिलखती गाडी आणि हलकी गाडी यांची तुलना नेहमी एकाच प्रश्नावर होते: गोळी लागली तर आतला माणूस वाचेल का? हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो प्रवासाच्या शेवटच्या दोनशे मीटरचा प्रश्न आहे. त्याआधीच्या तीस-चाळीस किलोमीटरचे काय? ओझे लादलेला जवान सपाटीवर ताशी चार किलोमीटर चालतो, डोंगरात त्याच्या निम्मे. तीस किलोमीटर चालून पोचलेली सेक्शन पोचते खरी, पण तिचे पाय आणि झोप वाटेतच संपलेली असते. तेवढेच अंतर हलक्या गाडीने दीड-दोन तासांत, कच्च्या वाटेने, नाल्याच्या काठाकाठाने कापता आले तर लढाईसाठी ताजे दहा जण उतरतात. पायदळ अखेर पायांवरच लढते. ते पाय लढाईच्या जागेपर्यंत शाबूत ठेवणे हे गाडीचे काम.

आपल्याच सैन्याच्या इतिहासात याचा सर्वांत उजळ दाखला हवालदार अब्दुल हमीद यांचा. सप्टेंबर १९६५, खेमकरण क्षेत्र, चीमा गावाजवळची शेते. समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, त्या काळातले नावाजलेले चिलखत. हमीद यांच्याकडे एक जीप आणि तिच्यावर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ, जवानांच्या भाषेत आरसीएल. ही तोफ उडाली की मागून एवढा जाळ आणि धुरळा उठतो की शत्रूला जागा लगेच कळते. म्हणून एक गोळा मारायचा, जीप हलवायची, दुसऱ्या आडोशाला जायचे, पुन्हा मारायचा. उभ्या पिकांत लपत हमीद यांनी एकामागोमाग पॅटन मोडले. १० सप्टेंबरला एका गोळ्याने त्यांच्या जीपचा वेध घेतला आणि ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना मिळाले.

हमीद यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकांत शौर्य म्हणून येते, आणि ते शौर्य होतेच. पण त्यात गाडीचाही वाटा आहे, तो कुणी सांगत नाही. जीप लहान होती म्हणून पिकात लपली, हलकी होती म्हणून शेताच्या ओल्या मातीत रुतली नाही, आणि गोळा मारल्यावर क्षणात जागा सोडू शकली. तीच तोफ जाड पत्र्याच्या उंच गाडीवर असती तर तिला पिकात लपवता आले असते का? मला तसे वाटत नाही. त्याच जीपने अखेर त्यांना वाचवले नाही, हेही मी विसरलेलो नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये १० पॅरा कमांडोचे जवान लेफ्टनंट कर्नल सवाई भवानीसिंह यांच्या नेतृत्वाखाली बाडमेरच्या बाजूने थरच्या वाळवंटात शिरले ते जीप आणि जोंगा घेऊन. रात्री चालायचे, दिवसा वाळूत दडायचे. सीमेपासून सुमारे सत्तर किलोमीटर आत असलेले छाछरो त्यांनी घेतले. रणगाड्यांनी तिथवर जायचे म्हटले असते तर डिझेलचे टँकर मागे लागले असते, आणि टँकर लागले की रस्ता लागतो. कमांडोंना रस्त्याची गरज नव्हती, म्हणून शत्रू त्यांची वाट पाहत बसलेला नव्हता.

जगातला दाखला हवा असेल तर चाडचा आहे. १९८७ साली उत्तर चाडमध्ये लिबियाची चिलखती ब्रिगेड फाडा इथे तळ ठोकून होती. चाडचे सैनिक टोयोटाच्या उघड्या पिकअप गाड्यांत आले, सोबत फ्रान्सने दिलेली मिलान रणगाडाभेदी क्षेपणास्त्रे. २ जानेवारीला फाडा पडले, मार्चमध्ये वादी दूमचा मोठा तळ पडला. लिबियाने नव्वदच्या आसपास रणगाडे एकट्या फाड्यात गमावले. त्या युद्धाला जगाने टोयोटाचेच नाव दिले. लिबियाच्या रणगाड्यांचे चिलखत कमी पडले असे नाही. ते एका जागी उभे होते आणि समोरचा सतत हलत होता.

आता दुसरी बाजू. ती मला महाराष्ट्रातूनच मांडावी लागते, आणि ती लिहिताना हात थांबतो.

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन. गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ रस्त्याखाली पेरलेल्या सुरुंगाने एक खासगी गाडी उडवली. आत जलद प्रतिसाद पथकाचे पोलीस होते. पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक असे सोळा जण गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुलवामाला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान बसमध्ये मारले गेले. हे वाचून कुणीही म्हणेल, चिलखत नसलेल्या गाड्या बंद करा. त्यांच्या घरच्यांसमोर उभे राहून मी याच्या उलट बोलू शकणार नाही.

पण या दोन्ही घटनांमध्ये काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. दोन्ही ठिकाणी गाड्या ठरलेल्या, शत्रूला ठाऊक असलेल्या डांबरी रस्त्यावर होत्या. सुरुंग आणि गाडीबॉम्ब रस्त्याची वाट बघतात. आणि चिलखत हेही तिथे पुरेसे उत्तर नव्हते. छत्तीसगडमध्ये बिजापूर भागात २००५ साली सुरुंगरोधक गाडीच उडवली गेली आणि वीसहून अधिक जवान एकदम गेले. पत्रा जाड केला तसा खालच्या स्फोटकांचा ढीगही वाढला. गाडी सुरक्षित समजली की एकाच गाडीत जास्त माणसे भरली जातात. गडचिरोली पोलिसांच्या सी-६० पथकाचे जवान जंगलात पायी चालतात, रस्ता सोडून चालतात, तेच त्यांचे खरे संरक्षण आहे.

म्हणून माझे मागणे सरसकट नाही. जिथे रस्ता एकच आहे, जिथे ताफा रोज त्याच वळणावरून जाणार आहे, तिथे चिलखत हवे, आणि चांगले हवे. पुण्यात कल्याणी समूहाने बनवलेल्या एम-४ सारख्या गाड्यांची जागा तीच आहे. पण सीमेवर, वाळवंटात, कच्छच्या रणात, लडाखच्या पठारावर, जिथे रस्ता सोडणे शक्य आहे, तिथे पायदळाच्या गाडीवर चिलखत लादणे म्हणजे तिला पुन्हा रस्त्याला बांधणे. दहा टनांच्या पुढे गेलेली गाडी वाळूत, चिखलात, नदीच्या वाळवंटात भरवशाची राहत नाही. तिला पूल लागतो, आणि पूल शत्रूच्या नकाशावर आधीच असतो.

लडाखचे थोडे जास्त बोलतो, कारण निर्णय तिथेच अडतो. साडेचार हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम सहा दशांश दाट असते. इंजिन हवेवर चालते, तेव्हा त्याचा दमही त्या प्रमाणात ओसरतो. टर्बो असले तर थोडे कमी, इतकेच. तिथे प्रत्येक जादा क्विंटल लोखंड म्हणजे चढावर पहिला गिअर, तापलेला क्लच आणि उतारावर तापलेले ब्रेक. हेलिकॉप्टरचेही तसेच. एमआय-१७ व्ही-५ मैदानात चार टन उचलते. उंचीवर तो आकडा झपाट्याने खाली येतो. दोन टनांची गाडी चिनूकच्या पोटात बसते, साखळीने लटकवून डोंगरापलीकडे ठेवता येते. दहा टनांच्या गाडीसाठी सीमा सडक संघटनेने रस्ता करण्याची वाट बघावी लागते.

आणि लडाखमध्ये माणसे फक्त गोळीने मरत नाहीत. मे २०२२ मध्ये तुर्तुकच्या वाटेवर जवानांची गाडी श्योक नदीत कोसळून सात जण गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये लेह जिल्ह्यात कियारीजवळ ट्रक दरीत जाऊन नऊ जण गेले. दोन्ही वेळी साताऱ्याच्या घरांत तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव आले. हलकी गाडी असती तर हे टळले असते असा दावा मी करणार नाही. दरी हलकी-जड बघत नाही. पण त्यावरून एक मागणे जरूर करतो: पायदळाच्या हलक्या गाडीला चिलखत नको, पण भक्कम पिंजरा हवा. गाडी उलटली तरी माणसांच्या डोक्यावर उभी राहणारी पोलादी नळ्यांची चौकट, आणि प्रत्येक जागेला पट्टा. मोटारशर्यतींच्या गाड्यांमध्ये हा पिंजरा कित्येक वर्षे आहे. त्याचे वजन चिलखताच्या तुलनेत किरकोळ. ताडपत्रीच्या जोंगात वडिलांच्या डोक्यावर असले काही नव्हते, आणि ते दर खेपेला सुखरूप परतले हे आमचे नशीब.

जोंगानंतर नव्वदच्या दशकात मारुतीची जिप्सी आली. जवानांचा तिच्यावर जीव जडला, आणि तो उगाच नाही. एका टनाच्या आसपास वजन. चिखलात रुतली तर चार-सहा जण खांदा लावून बाहेर काढत. पस्तीस हजारांहून अधिक जिप्सी सैन्याने घेतल्या. तिच्यानंतर आलेल्या गाड्यांच्या मागणीत मात्र पक्के छत आणि वातानुकूलन आले. २०१७ मध्ये टाटा सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ गाड्यांची मागणी झाली ती याच अटींवर. अधिकाऱ्यांच्या ये-जा करण्याला, लांबच्या प्रवासाला त्या गाड्या ठीक आहेत. पण बंद दारांच्या गाडीतून पिठ्ठूसह उतरायला किती वेळ लागतो, हे कुणी घड्याळ लावून पाहावे. उघड्या बाजूच्या गाडीतून जवान बाहेर पडत नाही, तो थेट उडी मारतो. ड्रोनच्या काळात असे वाचलेल्या चार-पाच सेकंदांचे मोल वाढले आहे. आकाशातून येणारा घूंऽऽ आवाज उघड्या गाडीत आधी ऐकू येतो. जाड काचांच्या आत तो ऐकूच येत नाही.

ड्रोनचे नाव काढले म्हणून युक्रेनबद्दल एवढेच. तिथे दोन्ही प्रकारच्या गाड्या जळाल्या आहेत. जाळ्या लावलेले रणगाडे जळाले, चिलखती ट्रक जळाले, आणि मोटारसायकली व चिनी बग्ग्यांवर उघड्या मैदानात धावलेले रशियन सैनिकही मोठ्या संख्येने मेले. हलकी गाडी म्हणजे घोडदळाचा हल्ला, असे समजून शत्रूच्या खंदकावर धाव घेतली तर तिचा शेवट असाच होतो. तिचे काम आधी संपते, शेवटच्या टेकडीच्या अलीकडे, झाडीत, नाल्यात.  

आता अमेरिकेकडे पाहू, कारण त्यांनी या रस्त्यावर उलटसुलट फेऱ्या मारल्या आहेत. इराकमध्ये त्यांच्या चिलखत नसलेल्या हमव्ही गाड्या सुरुंगांपुढे टिकल्या नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये कुवेतमध्ये एका सैनिकाने त्यांच्या संरक्षणमंत्र्यालाच विचारले होते, आम्ही भंगारातले लोखंड शोधून गाड्यांना का जोडतो आहोत? मग जड सुरुंगरोधक गाड्या आल्या, आणि अफगाणिस्तानच्या डोंगरी वाटांवर त्या उलटू लागल्या. २०२० मध्ये त्यांनी पायदळाच्या सेक्शनसाठी नवी उघडी गाडी निवडली, इन्फंट्री स्क्वॉड व्हेइकल. नऊ जवान, चिलखत अजिबात नाही, वजन सव्वादोन टनांच्या आसपास, आणि नव्वद टक्के सुटे भाग बाजारात विकल्या जाणाऱ्या शेव्हरोले पिकअपचे. त्यांच्याच चाचणी कार्यालयाने तिच्या उणिवा उघडपणे लिहिल्या: जागा अडचणीची, बसल्या जागी शस्त्रापर्यंत हात पोचत नाही, संरक्षण नाही. शेवटची उणीव निवडीतच होती. पहिल्या दोन मात्र खऱ्या आहेत, आणि त्या आपण आधीच टाळू शकतो.

आपल्याकडे काय नाही? गाड्यांचे संशोधन करणारी डीआरडीओची संस्था आमच्या अहिल्यानगरमध्ये आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल केंद्र इथेच आहे, चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्रही इथेच. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर पिंपरी, आकुर्डी, चाकण. भारतातल्या चारचाकींचा मोठा वाटा तिथे घडतो. दहा जणांची गाडी आकाशातून आणायची नाही. पिकअपची चेसिस, डिझेल इंजिन, चारही चाकांना जोर, उघड्या बाजू, वर पिंजरा. सुटे भाग असे की लेहच्या बाजारातल्या गॅरेजवाल्याने डबा उघडून बसवावेत. हत्यारे हाताशी राहतील अशी बाहेरच्या बाजूने खोबण. एक जागा स्ट्रेचरसाठी, कारण जखमीला परत न्यायलाही हीच गाडी धावणार आहे. आणि ८१ मिलिमीटरच्या मॉर्टरची नळी-बैठक आडवी ठेवता येईल एवढी मागे जागा.

वेळेबद्दलही बोलले पाहिजे. १९४० च्या जुलैत अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तो सप्टेंबरअखेर हजर केला. त्यातून विलीज आणि फोर्डची जीप झाली, आणि युद्ध संपेपर्यंत साडेसहा लाखांच्या घरात जीप बनल्या. आपण ४९ दिवस मागत नाही. पण एका गाडीच्या अटी ठरवण्यात, चाचण्यांत, पुन्हा निविदांत वर्षे जातात, आणि तोवर जिप्सी ढकलत नेणारा जवान निवृत्त होतो.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या नावातला 'लाइट' हा शब्द १८४१ साली पाचव्या बाँबे पलटणीला मिळाला, काहाणच्या वेढ्यातल्या कामगिरीबद्दल. तो हलकेपणा चालण्याच्या वेगाचा होता, जवानाच्या अंगावर कमी ओझे आणि जास्त चपळाई. आज त्याच जवानाच्या पाठीवर तीस-पस्तीस किलो आहे. तो हलका राहावा अशी इच्छा असेल तर त्याचे ओझे कुणीतरी वाहिले पाहिजे. खेचरे वाहत होती, अजूनही वाहतात. त्यांच्या मदतीला ही गाडी द्या.

२६ जुलै २०२५ ला द्रासमध्ये लष्करप्रमुखांनी रुद्र ब्रिगेड आणि भैरव लाइट कमांडो बटालियनची घोषणा केली. पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून आणण्याचेही त्यांनी तेव्हा जाहीर केले. हे चांगले आहे. पण हलकी बटालियन जड ट्रकमध्ये बसून जाणार असेल, तर ती हलकी फक्त कागदावर राहील.

माझी विनंती मोठी नाही. येत्या वर्षात तीन पलटणी निवडा, एक लडाखमध्ये, एक थरमध्ये, एक कच्छच्या रणात. प्रत्येकीच्या एका कंपनीला सेक्शनमागे एक अशा उघड्या, पिंजऱ्याच्या, चिलखत नसलेल्या गाड्या द्या. वर्षभर वापरू द्या, हिवाळ्यासकट. गाडी किती वेळा बंद पडली, किती तेल प्यायली, सेक्शन किती ताजी उतरली, हे दिल्लीच्या फायलींनी ठरवू नये. त्या कंपन्यांच्या हवालदारांनी आणि ड्रायव्हरांनी ठरवावे. त्यांना जे म्हणायचे आहे ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि पुढची खरेदी करण्याआधी ते आपण स्वतः वाचा.

आपला नम्र,
एका जोंगा ड्रायव्हरचा मुलगा
अहिल्यानगर